दोन मुठी, एक तार

मोनाप्पा मुतगेकरांनी गाडी आणली ती ढकलतच.
हँडल डावीकडं मुरडलेलं, म्हशीच्या शिंगासारखं,
दोन्ही बाजूंचे कॅन रिकामे,
दूध सांबऱ्याच्या वळणावर रस्त्यानं पिऊन टाकलेलं.
"हँडल बदल पोरी. पण जुन्या मापाचं नको.
दोन इंच वर घे, चार बोटं मागं."
चार बोटं म्हणताना त्यांनी उजवा हात पुढं केला.
मी माप डाव्यावरून घेतलं.

असलं हँडल दुकानात मिळत नाही.
पाइप घेऊन मी उद्यमबागेत गेले,
बाळेश हुक्केरीकडं. त्याच्या पाटीवर
वर कानडी, खाली मराठी, मधे ग्रीसचा पंजा.
तो पाइपात वाळू ठासून भरतो,
म्हणजे वाकताना पोट चपटं होत नाही.
कागद उलटासुलटा करून म्हणाला, "यारिगे?
इतका मागं कुणाचा हात येतो बाई?"
येतो एकाचा, म्हटलं.
"आयतु बिडु." आणि ज्योत निळी केली.

मग मुठींचं.
खिशातून वर्तमानपत्राची पुडी निघाली,
आत भाच्यानं पाठवलेला जोड: काळा, वायर लोंबणारा,
आतून तापणारा.
"तिकडं वर, बर्फावरच्या स्कूटरला असल्याच होत्या.
बंद पडल्या की आपणच बदलायच्या.
हातमोज्यात स्क्रू सापडत नाही गा.
काढला मोजा. अकरा मिनिटं."
अकरा मिनिटांच्या पुढचं त्यांनी सांगितलं नाही.
ते हातावर दिसत होतं,
म्हणजे दिसत नव्हतं.

"डावीकडंच बसव. उजव्याला काय कळत नाही.
उगाच बॅटरी कशाला खायची."

मला सांगावं लागलं:
काका, हा जोड एका ओळीत आहे.
करंट आधी डावीत जातो, मग उजवीत, मग घरी.
उजवी काढली तर डावी दुप्पट तापेल. जळेल.
ते वायरकडं बघत बसले.
डोक्यावरून विमान गेलं, पत्रे थरथरले, थांबले.
"मग असू दे. तापू दे की तीपण."

मूठ चढवायची ती सोल्युशन लावून, एका दमात.
मधे श्वास सोडला की तिथंच धरते.
दोन्ही चढल्या. बटण दाबून म्हणाले,
"तू धर. उजवी तापली का सांग."
तापली.
"किती?"
चहाच्या कपाइतकी.
"भरलेल्या का प्यालेल्या?"
अर्ध्या, म्हटलं.
रात्रभर सुकू द्या गाडी.
"म्हशी थांबतात व्हय रात्रभर?"
आणि गेले.

तिसऱ्या दिवशी साडेचारला शटरवर थाप.
बाहेर धुकं, कॅन भरलेले, झाकणांवर दहिवर.
उजवी मूठ सुकायच्या आधीच सुटली होती.
प्रत्येक गिअरला, प्रत्येक चढाला
केसभर फिरत, वायर पिळत पिळत
तीन दिवस त्यांच्या मुठीत फिरत होती,
आणि त्यांना कळलं ते डाव्या हाताकडून:
तो गार पडला तेव्हा.

त्यांनी टॉर्च धरला. मी तार सोलली, डाग दिला,
या खेपेला बोटभर सैल ठेवली,
वळायला जागा असावी म्हणून.
पुसून, खरवडून, नवं सोल्युशन. मग आम्ही नुसते बसलो,
दोघंही मुठीकडं बघत,
टिळकवाडीतली पातेली वाट बघत असतील हे माहीत असून.

"किती झालं?"
राहू दे, अर्धा लिटर ओता.
मी तांब्या पुढं केला.
त्यांनी माप घेतलंच नाही. कॅन काखेत धरून
उजव्या हातानं तिरका केला,
आणि तांब्या काठोकाठ भरला तरी
थांबायचं त्यांना
माझ्या "बस, बस"वरून कळलं.